ओकच्या राईवरून आलेलं आडनाव

माझ्या सासऱ्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ते घरचं प्रकरण आहे. दुसरं म्हणजे पोलंडमध्ये ते इतक्या जणांचं आहे की रस्त्यात उभं राहून एकदा जोरात हाक मारली तर सगळा देश वळून बघेल, ट्राम थांबतील, पाद्री प्रवचन अर्धवट सोडतील आणि लग्नाच्या मांडवातले निम्मे नवरदेव 'काय हो?' म्हणत उठतील. तिकडे शाळेत हजेरी घेताना मास्तर ते आडनाव एकदाच उच्चारतो म्हणे आणि अर्धा वर्ग एका दमात हजेरी देऊन मोकळा होतो. मी पोलंडला कधी गेलेलो नाही. पण सासरेही गेलेले नाहीत, त्यामुळे माझं खोडून काढायला घरात कोणी नाही.

आणि एवढ्या बक्कळ पिकलेल्या आडनावाचे आपण शेवटचे, असं त्यांना उभं आयुष्य वाटत आलं होतं.

वाटायला कारण होतं. ते जन्मले युद्धानंतरच्या निर्वासितांच्या छावणीत, जर्मनीत. आईच्या कडेवर बसून बोटीने ऑस्ट्रेलियात आले. बाप वॉलॉंगॉंगजवळच्या पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर लागला, मग हेही तिथेच लागले. चुलता नाही, भाऊ नाही. होते ते सगळे युद्धात गेले. त्यांना एक मुलगी झाली, आणि तिच्या नशिबी मी आलो. सिग्नल दुरुस्त करणारा, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत शिकायला येऊन इथेच रुतलेला, इस्लामपूरचा.

बायको त्यांना 'ताता' म्हणते. पोलिशमध्ये बाप म्हणजे ताता. इथे जावई सासऱ्याला थेट पहिल्या नावाने हाक मारतो. माझी जीभ तिथे अशी टाळ्याला चिकटायची की डॉक्टरला दाखवावी लागली असती. म्हणून मी तातात आपलं एक 'या' घातलं आणि त्यांचे तात्या केले. सहा फूट उंच, निळ्या डोळ्यांचे, मागच्या अंगणात कोबी लावणारे तात्या. बोलायचे ते इंग्रजीत, तेही पोर्ट केंब्लाच्या इंग्रजीत, ज्यात दोन शब्दांमधून वारा जायला जागा नसते. इथे मी त्यांना मराठीत बोलवतोय. मराठीत ते जास्त शोभतात.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते कोबीवरच्या अळ्या वेचत होते. मी आपल्या पद्धतीने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. टेकडीवरचा."

"तसं नाही. मूळचे."

त्यांनी अळी बोटांत चिरडली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न त्यांना बहुतेक कोणी विचारलाच नव्हता. इथे लोक 'कुठून आलास' विचारतात, त्याचा अर्थ 'परत कधी जाणार' असा असतो. मग त्यांनी सांगितलं, बाप सांगायचा त्यावरून: आडनावात ओकच्या झाडांची राई आहे. राईवरून गावाला नाव पडलं, गावावरून माणसांना, आणि माणसं त्या गावची हे कळावं म्हणून शेवटी स्की. गाव कुठलं ते बापाने सांगितलं नाही. विचारलं की तो खिडकीकडे तोंड करून बसायचा.

मी कोबीच्या वाफ्यात जवळजवळ नाचलोच. "अहो, हे तर आमचंच! आधी झाड, झाडावरून गाव आणि गावाच्या शेवटी कर!" माझं आडनावही झाडाच्याच गावावरून आलंय, आणि त्या गावात आमच्या घरचं कोणी मागच्या सात पिढ्यांत फिरकलेलं नाही. त्यांचं स्की आणि आमचं कर. लग्न व्हायच्या आधी आमची सोयरीक तिथे अळ्यांच्या साक्षीने झाली.

"आडनावावरून गाव काढणं म्हणजे आमच्याकडे डाव्या हाताचा खेळ," मी त्यांना सांगितलं. "आमच्या आत्याला नुसतं आडनाव सांगा. गाव, तालुका, कुलदैवत आणि घरात बिनलग्नाचं कोण आहे, एवढं ती चहा उकळायच्या आत सांगते. तुमचं गाव मी एका दुपारी शोधून देतो."

"एका आर्वोत?" तात्या म्हणाले. इथल्या बोलीत दुपार म्हणजे आर्वो.

"अर्ध्या."

ती दुपार काही संपली नाही. ओकच्या राईचं गाव पोलंडमध्ये एक नाही. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव जशी तालुक्या-तालुक्याला आहेत, तशी तिकडे ही गावं. जिथे चार ओक उभे, तिथे त्या नावाचं गाव, आणि त्या गावाबाहेर पडलेला प्रत्येक माणूस त्या आडनावाचा. एकमेकांशी नातं असलंच तर ओकच्या मुळांकडून. मी तात्यांना इतकंच सांगत राहिलो, की शोध चालू आहे, गाव जवळ येत चाललंय. ते मान हलवायचे आणि मला काकडीचं लोणचं द्यायचे. त्यांचं लोणचं असं आंबट की खाल्ल्यावर तासभर समोरच्याचा चेहरा दोन-दोन दिसावा.

मग बायकोला दिवस गेले.

याआधीही आशा लागली होती आणि गेली होती. एकदा नाही. त्यामुळे या वेळी आम्ही कोणाला काही न सांगता श्वास धरून बसलो होतो, आणि जेव्हा सांगायचं ठरलं तेव्हा तात्यांच्या स्वयंपाकघरात, त्या उकडलेल्या करंज्या खाताना सांगितलं. ते पिएरोगी म्हणतात. आत बटाटा असतो, पण बाईच्या हातची मुरड आपल्यासारखीच. सासूबाई गेल्यापासून तात्या त्या स्वतः करायचे आणि त्यांच्या मुरडीतून सारण बाहेर डोकवायचं. त्यांनी काटा खाली ठेवला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, "आडनाव माझं लावा."

"ताता, अजून हात-पाय पण नीट नाहीत त्याला," बायको म्हणाली.

"हात-पाय येतील. आडनाव आपोआप येत नाही."

बायकोने लग्नात स्वतःचं आडनाव ठेवलं होतं, तेव्हा मी फार उदारपणे 'नो वरीज' म्हणालो होतो. तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. पण मूल म्हणजे एक आणि आडनावं दोन. जोडून लावावीत तर त्यांचं स्की आणि आमचं कर मिळून असं लांबलचक झालं असतं की पोर शाळेत नाव लिहून संपवेपर्यंत पहिली पास झालं असतं. इस्लामपुरात माझे बाबा तर बातमी कळल्याच्या क्षणापासून आमचंच आडनाव धरून चालले होते. एरवी ते कशाचा हट्ट धरत नाहीत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सारी हयात गेली, उसाच्या गाड्या मोजत. आवाज कधी चढला नाही. पण नातवंडाचं नाव म्हटल्यावर हा माणूस काट्यावर उभा राहिल्यासारखा ताठ झाला.

आता मी मुत्सद्दी. मला वाटलं, तात्यांचं दुःख एवढंच आहे ना, की आडनाव संपतंय? मग त्यांना दाखवूनच देऊ. आडनाव टाकलं की जगाचा नकाशा रंगवून देणारी वेबसाइट असते. रविवारी टॅबलेट घेऊन गेलो आणि कोबीच्या शेजारी बाकावर बसून आडनाव टाकलं. पोलंड जो लाल झाला, जणू देशाला गोवर आला. दक्षिणेला लाल, उत्तरेला लाल, जर्मनीत ठिपके, अमेरिकेत धब्बे.

"हे कोण सगळे?" तात्या म्हणाले.

"तुमचेच. बघा, आहे का तुटवडा? हे आडनाव संपायचं म्हटलं तर आधी पृथ्वी संपावी लागेल. आमच्या बाळाने नाही लावलं तर त्याच्या अंगावरचा केससुद्धा हलणार नाही."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. उभं आयुष्य एकट्याने धरून ठेवलेली वस्तू, अरे, ही तर ढिगाने आहे, असं म्हणून हात मोकळे करतील. त्यांनी टॅबलेट गुडघ्यावर घेतला. तोंड मात्र उतरत गेलं, उतरत गेलं.

"यातल्या एकाला तरी माझ्या आईची गाणी माहीत आहेत?" त्यांनी विचारलं.

मी वाकून जर्मनीतला एक ठिपका मोठा केला.

"गाव कुठलं यातलं?"

"शोध चालू आहे."

"खोटं बोलतोस, मेट," ते न रागावता म्हणाले. "गावं पण एवढीच लाल असतील." मग त्यांनी बोटाने नकाशा सरकवला, अख्खा समुद्र ओलांडून आणला, ऑस्ट्रेलिया मोठा केला, आमचा किनारा मोठा केला. तिथे एक फिकट ठिपका होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. भट्टीवर भाजलेलं ते बोट एवढं जाड की खाली वॉलॉंगॉंग दिसेना.

"हा मी. यात मेलेले धरतात का?"

"नाही."

"मग नकाशा खोटा आहे," म्हणाले आणि अळ्या वेचायला गेले.

त्यानंतर बाबांनी मागणी केली की व्याह्यांशी समोरासमोर बोलायचं. फोनवर व्हिडिओ लावला. एका बाजूला इस्लामपूरची खुर्ची, दुसऱ्या बाजूला पोर्ट केंब्लाचा बाक, आणि मधे दुभाषी मी. जगात मोठमोठी युद्धं दुभाषी चुकल्यामुळे झाली असं म्हणतात. हे एक न चुकल्यामुळे झालं असतं.

"नमस्कार म्हणाव," बाबांनी सुरुवात केली. "आणि म्हणाव, आपल्याकडे मुलाला बापाचं आडनाव लागतं. मधलं नावसुद्धा बापाचंच. ही आमची रीत आहे."

मी तात्यांना सांगितलं, "बाबा म्हणतायत, तुमची कोबी फार झकास दिसते."

तात्या म्हणाले, "थँक यू म्हण. आणि सांग, तुमच्या गावात तुमची हजार माणसं असतील, इथे माझं कोणी नाही. एक नात मला द्या."

मी बाबांना सांगितलं, "ते म्हणतायत, यंदा पाऊस बरा आहे."

"अरे, एवढं लांब बोलले, गळा दाटून आला त्यांचा, आणि पाऊस?"

"इथे पावसाचं फार मनाला लावून घेतात, बाबा."

"आडनावाचं काय म्हणाले ते सांग."

तेवढ्यात बायकोने माझ्या हातातला फोन काढून घेतला. तिला मराठी येत नाही असा माझ्या सगळ्या नातेवाइकांचा समज आहे, आणि तो तिने स्वतःच्या फायद्यासाठी जपलाय. ती म्हणाली, "बाबा, तो खोटा बोलतो. माझा ताता म्हणतो, एक नात त्याला द्या."

पलीकडे आईचा आवाज आला, "अगं बाई, ही बोलते की!"

बाबांनी घसा साफ केला. "मधलं नाव आमचं लावा म्हणावं तर..." म्हणाले आणि स्वतःच थांबले. "नको. मधलं नाव म्हणजे एसटीतली मधली सीट. धड खिडकी नाही, धड दार नाही." मग तात्यांकडे बघून, इंग्रजीत, एकेक शब्द काट्यावर ठेवल्यासारखे म्हणाले, "आय ऑल्सो. ओन्ली वन सन."

तात्यांनी मान हलवली. दोघं म्हातारे एकमेकांच्या कपाळाकडे बघत राहिले, कारण फोनवर डोळ्याला डोळा कधी भिडतच नाही. ठरलं काहीच नाही. बायको मला रात्रभर 'मेट' म्हणत होती. ती रागावली की मी नवऱ्याचा मेट होतो.

मुलगी आहे हे तोवर कळलं होतं. मला वाटलं, आता तरी दोन्हीकडचा ताण सैल होईल, मुलीच्या आडनावाला म्हातारे तेवढं धरत नाहीत. कसलं काय! तात्या म्हणाले, माझीही मुलगीच होती, तिने सोडलं का? आणि बाबा म्हणाले, मुलगी आहे म्हणून नाव देऊ नको, असं आम्हाला सांगतोस? म्हणजे दोघं सुधारले, आणि माझी पंचाईत दुप्पट झाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पोलिश लोक आपल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावतात. काचेच्या बरणीतली मेणबत्ती, वर झाकण. तिकडे म्हणे त्या दिवसांत थंडी असते, धुकं असतं, आणि दिव्यांनी कबरस्तान गावापेक्षा जास्त उजळतं. आमच्याकडे त्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला होता की पुष्पगुच्छ एका मेलेल्याकडून दुसऱ्या मेलेल्याकडे चालले होते. तात्यांनी सासूबाईंच्या दगडाजवळ गुडघे टेकले. त्या दगडावर आडनावाच्या शेवटी स्की नाही, स्का आहे. बाईचं तसं असतं. इकडच्या कचेऱ्यांतून ते कधीच पुसलं गेलं, माझ्या बायकोलाही स्कीच लावलंय. पण दगडावर तात्यांनी हट्टाने स्का कोरून घेतलं. दगडाच्या खालच्या अर्ध्या भागात काही कोरलेलं नाही. ती जागा त्यांची.

दिवा लावून झाला. मला वाटलं, निघायचं. पण त्यांच्या पिशवीत अजून डझनावारी दिवे होते. ते पुढच्या रांगेत गेले आणि एका अनोळखी दगडासमोर थांबले. दगडावर तेच आडनाव. दिवा लावला. पुढच्या रांगेत आणखी एक. तिथेही लावला.

"कोण हे?" मी विचारलं.

"माहीत नाही. हा खाणीत होता म्हणतात. तो पलीकडचा दारू पिऊन गेला. ही बाई कोण देवाला ठाऊक."

"मग?"

"आडनाव आहे ना." त्यांनी बरणी वाऱ्याला पाठ करून धरली, काडी पेटवली, विझली, परत पेटवली. "जिवंत आहेत ते तुझ्या नकाशात. माझे इथे आहेत. यांच्याकडे कोणी येत नाही. मी येतो."

बायको लांब बाकावर पोटावर हात ठेवून बसली होती. वाऱ्यात तिचे केस असे उडत होते की मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मी तात्यांसाठी वारा अडवत उभा राहिलो, आणि मनात ठरवलं की घरी गेल्यावर बाबांना सांगायचं, नाव यांचं लागू द्या. सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. घाई कशाला? पोरगी यायला पुष्कळ वेळ होता.

इथून पुढे माझ्याकडे रंगवून सांगण्यासारखं काही नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय. हॉस्पिटलमध्ये त्या स्कॅन करणाऱ्या बाईने पडदा आमच्याकडून आपल्याकडे वळवला, आणि ती बोलेनाशी झाली. मी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. कोणी हसलं नाही. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली आणि जाताना दार फार हळू लावून घेतलं, आत कोणी झोपलंय असं.

बायकोला बाळंतपण करावंच लागलं. सगळं, जसं असतं तसं, फक्त शेवटी रडण्याचा आवाज आमचा होता. मुलीला नाक माझ्या आईचं होतं. हे मी वाढवून सांगत नाही. केस होते, ओले, आणि तात्यांसारखं रुंद कपाळ. त्या लोकांनी तिला चौकडीच्या दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे दिलं, आणि हवा तेवढा वेळ घ्या म्हणाले. हवा तेवढा!

तात्या आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. नर्सने पावलांचे ठसे एका कार्डावर घेतले होते. एवढीशी पावलं, आपल्याकडे गौरीची काढतात तशी. तिने खालच्या आवाजात विचारलं, "खाली पूर्ण नाव काय लिहू?"

पहिलं नाव आम्ही ठरवलं होतं. ते सांगितलं. मग मी तात्यांकडे बघितलं आणि तात्यांनी माझ्याकडे. इतके महिने ज्याच्यासाठी दोन देश भांडत होते, ते आता घ्यायला कोणी पुढे होईना. जिला नाव चिकटवायचं ती आमच्यामधे झोपली होती आणि तिला त्यातलं एकही लागणार नव्हतं.

"तुझं लिही," तात्या मला म्हणाले. "तुझ्या बापाला बरं वाटेल."

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "त्यांचं लाव रे. त्यांना कोणी नाही." आणि फोन आईकडे दिला.

आईने नावाचं काही विचारलं नाही. तिने विचारलं, "कुठे नेणार तिला?"

मी म्हटलं, इथे दहन होतं, मी चौकशी करतो.

"दहन नाही करायचं." आईचा आवाज एकदम खंबीर झाला. "दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत. मातीत ठेवतात. आपल्या रानात, झाडाखाली. मऊ मातीत ठेव तिला." मग तिच्या लक्षात आलं असावं. "तिथे आपली माती आहे का रे कुठे?"

मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. खिडकीतून कारखान्याची धुरांडी दिसत होती, पलीकडे समुद्र. वर्षानुवर्षं या देशात राहिलो, कायमचा शिक्का मिळवला, बँकेच्या मेहेरबानीने युनिट घेतलं, तेही दुसऱ्या मजल्यावर. खाली हात घातला तर खालच्या बाईचं छत लागेल. झाडावरून आडनाव आलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मालकीचं या अख्ख्या खंडात एक झाड नव्हतं.

आत येऊन मी हे सगळं सांगितलं. या वेळी जसंच्या तसं भाषांतर केलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बायकोने मुलीच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि बापाकडे बघितलं. तात्या खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तिच्या आजीपाशी ठेवू," ते म्हणाले. "माझी जागा आहे ना."

"आणि तुम्ही?"

"मी कुठेही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझं आडनाव सगळीकडे आहे. तूच दाखवलंस की नकाशात."

मी दुपट्याची सुटलेली कड परत आत खोचली.

मग ते म्हणाले, "त्या रांगांमधे तुझ्या नावाचं कोणी नाही. माझ्या नावाचे आहेत. माझं लावलंस तर ती एकटी पडणार नाही." त्यांनी नर्सला अक्षरं एकेक करून सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "मुलगी आहे. स्का."

कबरस्तानच्या माणसाने समजावून सांगितलं की वर ही छोटी पेटी ठेवली की त्या जागेत आता मोठं माणूस मावणार नाही. तात्या म्हणाले, ठाऊक आहे. डिसेंबरचं कडक ऊन होतं. पेटी मी एकट्याने उचलली, त्याला दुसरा माणूस लागला नाही. आईने सांगितलं होतं म्हणून मी माती हातात घेऊन चोळून पाहिली. मऊ नव्हती. चिकण होती, ढेकळं होती. तात्या खाली बसले आणि भट्टीवर भाजलेल्या त्या बोटांनी एकेक ढेकूळ फोडत राहिले, कोबीच्या वाफ्यात फोडायचे तसे, आणि फावडं घेतलेली माणसं तोवर बाजूला उभी राहिली.

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. आता होणारही नाही. हे मी लोकांना सांगताना पूर्वी काहीतरी जोडायचो, हसण्यासारखं. आता जोडत नाही.

परवाच्या नोव्हेंबरात परत दिवे लावायला गेलो. बाबांनी सांगून ठेवलं होतं, मला दाखव. फोन दगडासमोर धरला. खालच्या अर्ध्या भागात आता अक्षरं आहेत. बाबा चष्मा लावून, इस्लामपुरात बसून, नातीचं आडनाव वाचायला लागले. पोलिश अक्षरं ती, चारांपैकी तीन उच्चार चुकले. तात्यांनी सावकाश म्हणून दाखवलं. बाबांनी परत म्हटलं, परत चुकलं. तात्यांनी परत म्हणून दाखवलं. वारा एवढा होता की निम्मं ऐकूच येत नव्हतं, तरी दोघं सोडेनात. मी मधे फोन धरून उभा होतो, आणि मला काही सांगायचं नव्हतं, ना इकडचं तिकडे, ना तिकडचं इकडे.

शेवटी बाबा थकले. "पुढच्या वर्षी," म्हणाले आणि फोन बंद झाला.

सासूबाईंचा आणि पोरीचा दिवा वाऱ्याने विझला होता. बायकोने परत लावला. तात्यांनी गुडघ्यावर हात दाबून उठायला पाहिलं, उठवेना; मी हात दिला. मग त्यांनी दिव्यांची पिशवी माझ्याकडे दिली, आणि आम्ही पुढच्या रांगेकडे निघालो. आमच्या आडनावाचे अजून बरेच जण राहिले होते.